डेबियनवर फोरजी डोंगल: दिवा लागतो, नेट लागत नाही

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात खाडीला लागून आमचं गाव आहे. गावच्या वाचनालयात एक डेस्कटॉप आहे, भाच्याने त्यावर डेबियन १२ (विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स) टाकून दिलंय. पूर्वी तांब्याच्या तारेचं ब्रॉडबँड होतं, ते बंद पडलं. फायबर अजून गावात पोचलेलं नाही. म्हणून समितीने एक वापरलेला फोरजी डोंगल विकत घेतला, ह्युवेई ई३३७२. सिम आत घालायचं आणि यूएसबीला लावायचा.

लावला की दिवा लागतो. फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी ड्राइव्ह उगवते, तिच्यात विंडोजसाठीची सेटअप फाइल आहे. नेटवर्कच्या यादीत मात्र काहीही येत नाही. हाच डोंगल याच सिमसकट भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर रत्नागिरीत व्यवस्थित चालत होता. एका जुन्या लेखात वाचून पेनड्राइव्हवरून डब्ल्यूव्हीडायल (मोडेमने नेट जोडणारा प्रोग्राम) आणून टाकलं, तर ते सांगतं की /डेव्ह/टीटीवाययूएसबी० (मोडेमचं पोर्ट) अस्तित्वातच नाही.

मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा, पीक विमा, सगळं आता ऑनलाइन आहे आणि त्यासाठी लोक एसटीने तालुक्याला जातात. हे वाचनालयात झालं तर फार मोठी सोय होईल. कुठून सुरुवात करू?

पावसाळी

डेस्कटॉपला फोन लावून यूएसबी टेदरिंग करा की, फोनचं नेट केबलने संगणकाला मिळेल. डोंगलच्या मागे कशाला लागायचं?

खाडीकाठ

फोन कोणाचा ठेवायचा हाच प्रश्न आहे. ग्रंथपाल बाई घरी गेल्या की फोनही गेला. डोंगल मशीनला कायम राहील, संध्याकाळी मुलं अभ्यासाला येतात तेव्हाही.

टर्मिनलकर

खाडीकाठ, तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यामुळे निम्मं निदान इथेच होतंय. त्याआधी एक विनंती आहे: आता नवीन काही टाकू नका. डोंगल चालत नाही म्हटलं की लोक आधी एपीएन (सिम कंपनीच्या नेटची सेटिंग) बदलतात, मग सिम, मग ड्रायव्हर शोधतात, शेवटी डेबियन काढून उबुंटू टाकतात. यातलं काहीही करण्याआधी गाडी कुठे अडली ते शोधायचं. क्रम ठरलेला आहे:

यूएसबीवर वस्तू दिसते का. दिसत असेल तर ती मोडेम म्हणून दिसते की आणखी कशाच्या रूपात. मग कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तिला ड्रायव्हर जोडला का. मग सिमने टॉवरवर नोंदणी केली का. मग डेटा जोडणी झाली का. आणि सगळ्यात शेवटी, संगणक त्याच वाटेने बाहेर जातोय का.

वरची पायरी तपासल्याशिवाय खालच्या पायरीवरचे उपाय करण्यात काही अर्थ नाही. डब्ल्यूव्हीडायल ही पाचव्या पायरीची गोष्ट, तुमचा डोंगल दुसरीवर थांबलाय.

ती सीडी ड्राइव्ह म्हणजे झिरोसीडी. हे डोंगल दोन रूपांत वावरतात. लावल्या लावल्या तो संगणकाला ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगतो, म्हणजे विंडोजला ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यावी लागत नाही. ड्रायव्हर बसला की तो डोंगलला एक संदेश पाठवतो आणि मग डोंगल रूप बदलून मोडेम होतो. लिनक्सवर तो संदेश पाठवायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो. तुमच्याकडे तो नसावा.

टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (यूएसबीवरच्या वस्तूंची यादी) चालवा, मग डोंगल काढून पुन्हा लावा आणि सुडो डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) च्या शेवटच्या पंधरावीस ओळी इथे द्या. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमन लिपीत टंका. मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक असेल तिथे सांगेन.)

खाडीकाठ

एलएसयूएसबीमध्ये डोंगलची ओळ अशी: आयडी १२डी१:१एफ०१, पुढे ह्युवेई टेक्नॉलॉजीज, ई३५३/ई३१३१, मास स्टोरेज मोड. डीमेसेजमध्ये यूएसबी-स्टोरेज, मग सीडी-रॉम, मग एसआर० जोडल्याचं दिसतंय.

डोंगलच्या झाकणावर तर ई३३७२ लिहिलंय. आम्हाला भलताच माल दिला की काय?

टर्मिनलकर

माल बरोबर आहे. १२डी१ हा ह्युवेईचा क्रमांक, १एफ०१ हा सीडीच्या रूपाचा. तोच क्रमांक त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत आहे आणि एलएसयूएसबी आपल्या यादीत नोंदलेलं नाव दाखवतं. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत: मास स्टोरेज मोड. म्हणजे रूप बदललेलंच नाही.

१एफ०१ वरून आणखी एक गोष्ट कळते. तुमचा डोंगल हायलिंक जातीचा आहे. ई३३७२ दोन जातींत मिळतो. स्टिक जातीचा १४एफई म्हणून सुरू होतो आणि १५०६ होतो, तो खरा मोडेम, एटी कमांड (मोडेमला थेट द्यायच्या आज्ञा) वगैरे घेणारा. हायलिंक जातीचा १एफ०१ चा १४डीसी होतो. तो स्वतःच एक छोटा राउटर आहे: आत सिम, आत डायलिंग, आत डीएचसीपी (संगणकाला पत्ता देणारी सोय), आणि संगणकाला तो इथरनेट कार्डासारखा दिसतो. त्याला डब्ल्यूव्हीडायल लागत नाही, एपीएन संगणकावर भरावा लागत नाही. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० तुम्हाला कधीच दिसणार नाही आणि दिसायची गरजही नाही. जुने लेख थ्रीजीच्या डोंगलांसाठी लिहिलेत, ते त्या वेळी बरोबर होते.

आता यूएसबी-मोडस्विच का नाही? डेबियनमध्ये मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारा प्रोग्राम) बसवला की सोबत यूएसबी-मोडस्विचची शिफारस असते, सक्ती नसते. जागा वाचवायला कोणी शिफारशीची पॅकेजं वगळून सिस्टिम बसवली की ते राहून जातं.

उपाय: पावसाळी यांनी सांगितलेलं टेदरिंग इथे कामाला येईल. पाच मिनिटांसाठी कोणाचाही अँड्रॉइड फोन यूएसबीने लावा, टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. मग: सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच. त्याची डेटा फाइल सोबत येईल. फोन काढा, डोंगल काढून पुन्हा लावा, दहा सेकंद थांबा, एलएसयूएसबी पाहा.

मृण्मयी_एस

थोडी भर. त्या संदेशात जादू काहीच नाही. मोडस्विचच्या फायलींमध्ये जी लांबलचक सोळामानी अक्षरमाला दिसते ती बहुतेक वेळा ५५५३४२४३ ने सुरू होते. ५५, ५३, ४२, ४३ म्हणजे यू, एस, बी, सी ही अक्षरं. यूएसबी स्टोरेजला आज्ञा देताना प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर हीच सही असते. म्हणजे सीडी ड्राइव्हला सीडी ड्राइव्हच्याच भाषेत सांगायचं की आता रूप बदल. हे सगळं संकलन योसुआ डित्से यांनी वर्षानुवर्षं एकेका डोंगलसाठी जमवलं आणि लोकांनी आपापल्या डोंगलांची माहिती पाठवून वाढवलं. आज आपण एक पॅकेज टाकून मोकळे होतो, त्यामागे ही मेहनत आहे.

खाडीकाठ

झालं! एलएसयूएसबीमध्ये आता १२डी१:१४डीसी दिसतंय. सीडी गायब. नेटवर्कमध्ये ‘वायर्ड कनेक्शन २’ आलं, त्याला १९२.१६८.८.१०० असा पत्ता मिळाला.

पण एमएमसीएलआय -एल (मोठा एल), म्हणजे मोडेममॅनेजरची मोडेमयादी, चालवलं तर म्हणतं एकही मोडेम सापडला नाही. आणि वेबसाइट उघडत नाहीत.

टर्मिनलकर

एमएमसीएलआयला मोडेम न सापडणं हायलिंकमध्ये अपेक्षितच आहे. मोडेममॅनेजरच्या दृष्टीने ते एक इथरनेट कार्ड आहे, सीडीसी-इथर ड्रायव्हरने चालणारं. पहिल्या तीन पायऱ्या पार झाल्या.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा. हे डोंगलच्या आतलं पान, त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. तिथे कंपनीचं नाव, रेंजच्या दांड्या आणि जोडणीची स्थिती दिसते. काय दिसतंय?

खाडीकाठ

पान उघडलं. सिम ओळखलंय, पिन मागत नाही. कंपनीच्या नावाच्या जागी ‘सेवा नाही’ या अर्थाचा संदेश आहे. रेंजच्या दांड्या रिकाम्या. तेच सिम माझ्या फोनमध्ये घातलं तर वाचनालयातच दोन-तीन दांड्या येतात आणि नेट चालतं. मग डोंगल बिघडलाय का? पण रत्नागिरीत तर चालत होता...

जुना_वायरमन

आता माझं काम आलं. आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं, थोडं बोलू द्या.

रत्नागिरीत चालला आणि गावात चालत नाही, यात दोन गोष्टी एकदम बदलल्या. विंडोजची जागा लिनक्सने घेतली हे सगळ्यांनी पाहिलं. टॉवरही बदलला, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

डोंगलच्या पाठीवर मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरात काय आहे? ई३३७२एच-१५३ की -६०७? १५३ हा युरोपसाठी काढलेला. त्यात फोरजीचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, १, ३, ७, ८ आणि २०. ६०७ मध्ये २८ आणि ४० सुद्धा आहेत. आपल्याकडे कंपन्या ३, ५, ८, ४० असे निरनिराळे बँड वापरतात. शहरात चारपाच बँड एकावर एक पडलेले असतात, कोणता ना कोणता जुळतो. खेड्यात लांबवर पोचायचं म्हणून बऱ्याचदा एखादाच कमी फ्रिक्वेन्सीचा बँड असतो. ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ डोंगर-झाडीतून बरा जातो. पण १५३ ला बँड ५ ऐकूच येत नाही. तुमच्या फोनला येतो.

ताडून पाहायला फोनमध्ये त्या सिमचा ईएआरएफसीएन, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे त्याचा क्रमांक, पाहा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं. नाहीतर सेलची माहिती दाखवणारं एखादं मोफत अॅप घ्या. आकडा ० ते ५९९ असेल तर बँड १. १२०० ते १९४९ बँड ३. २४०० ते २६४९ बँड ५. ३४५० ते ३७९९ बँड ८. ९२१० ते ९६५९ बँड २८. ३८६५० ते ३९६४९ बँड ४०.

वाचनालयात बसूनच पाहा. घरी वेगळा टॉवर असू शकतो.

खाडीकाठ

काका, तुम्ही म्हणता तसंच निघालं. डोंगलवर ई३३७२एच-१५३ आहे. वाचनालयात फोनवर आकडा २४०० च्या वरचा येतोय, म्हणजे बँड ५.

ग्रंथपाल बाईंचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यांच्या फोनवर खिडकीपाशी १२०० ते १९४९ मधला आकडा आला. आत कपाटांच्या खोलीत मात्र रेंज जाते.

जुना_वायरमन

मग ते सिम डोंगलला चालेल. बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, ते जाड भिंतीतून कमी शिरतं. तुमच्याकडे जांभ्याच्या भिंती असतील, त्यात पावसाळ्यात ओल्या. डोंगल खिडकीत न्या. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नका, शक्यतो दोन-तीन मीटरची जाड, चांगली घ्या. ई३३७२ ला बाहेरच्या अँटेनासाठी दोन बारीक सॉकेटं असतात, पण आधी केबलने काम होतंय का ते पाहा.

डोंगलच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) नावाचा आकडा मिळाला तर दांड्यांपेक्षा तो खरा. उणे ८०-९० उत्तम. उणे ११० ला कामचलाऊ. उणे १२० च्या पलीकडे आशा ठेवू नका.

निफाडकर

मधेच घुसतोय, माफ करा, पण आमचंबी दुखणं असंच आहे. द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) बसवलाय, पानावरचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजतो. त्याला स्टिक जातीचा फोरजी डोंगल. जोडणी होते, डेटा जातो, आणि मग मधेच डोंगल गायब. बागेत जाऊन काढून लावला की परत चालू. रेंज चांगली आहे, टॉवर समोर दिसतो. डावणी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज पान किती तास ओलं राहिलं त्यावर असतो, रात्रीचा डेटा गेला तर सकाळी फवारणीचा निर्णय अंदाजपंचे घ्यावा लागतो. औषधाचा खर्च आणि नुकसान दोन्ही होतं.

टर्मिनलकर

निफाडकर, तुमचा प्रश्न वेगळ्या पायरीचा आहे, पण इथेच लिहा. डोंगल गायब झाल्यावर डीमेसेजमध्ये काय येतं? आणि पायला वीज कुठून दिलीय?

निफाडकर

‘यूएसबी डिस्कनेक्ट’, मग ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’, असं चारपाच ओळी. त्याच्या आधी कधी कधी ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’.

वीज सोलरवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. बॅटरी पंपाच्या खोलीत, तिथेच १२ चं ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, तिथून बागेतल्या पेटीपर्यंत वायर.

टर्मिनलकर

सापडलं. पंपाच्या खोलीत ५ व्होल्ट करून ते लांबच्या बारीक वायरीने नेलंत, तिथे घोळ आहे.

५ व्होल्टच्या वाटेत अर्धा व्होल्ट गळला तरी पाय तक्रार करायला लागतो. डोंगल नुसता बसलेला असताना फारसा करंट घेत नाही, पण टॉवरकडे पाठवताना क्षणभर एकदम ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि डोंगल बंद होऊन पुन्हा उठायचा प्रयत्न करतो. -७१ म्हणजे यूएसबीवरचं बोलणं मधेच बिघडलं. -११० आलं असतं तर समोरून उत्तरच आलं नाही असा अर्थ. दोन्हींत आधी वीज आणि केबल तपासायची, सॉफ्टवेअर नंतर. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड चालवून पाहा, ०एक्स० सोडून दुसरं काहीही आलं तर वीज किंवा तापमान यांपैकी कशाचा तरी त्रास आहे किंवा मशीन सुरू झाल्यापासून होऊन गेलाय. ०एक्स५०००५ आलं तर आत्ताही व्होल्टेज कमी आहे.

करायचं असं: १२ व्होल्टच पेटीपर्यंत न्या आणि कन्व्हर्टर पेटीत, पायच्या शेजारी बसवा. तेवढ्याच वॅटसाठी १२ व्होल्टवर करंट निम्म्याहून कमी लागतो, त्यामुळे गळती कमी. जी थोडी गळेल ती कन्व्हर्टर भरून काढतो. कन्व्हर्टर निदान ३ अँपिअरचा हवा. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, तिथे दुसरं काही लावलं असेल तर डोंगल स्वतःची वीज असलेल्या हबवर हलवा.

मृण्मयी_एस

निफाडकर, हे केल्यावरही डोंगल शांत बसलेला असताना गायब होत असेल तर यूएसबीची आपोआप झोपण्याची सोय बंद करून पाहा. पण आधी वीज. आणि सेन्सरचा डेटा आधी पायवरच लिहून ठेवा, मग पाठवा. जोडणी तुटली तरी रात्रीचे तास हातात राहतील. ही गोष्ट डोंगल कितीही चांगला असला तरी करायला हवी.

निफाडकर

ताई, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता नुसतं पाठवतो, लिहीत नाही. दोन्ही करतो.

पावसाळी

माझ्याकडे कपाटात एक जुना थ्रीजी डोंगल पडलाय. त्यात जिओचं सिम घालून लिनक्सवर चालवता येईल का?

जुना_वायरमन

नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच फक्त फोरजीवर. टूजी, थ्रीजी त्यांनी उभारलंच नाही. तुमच्या डोंगलला त्यांचा टॉवर दिसणारच नाही, मशीन कोणतंही असो. एअरटेलनेही आपलं थ्रीजी बंद केलं. टूजी असलेल्या कंपनीचं सिम घातलंत तर जोडला जाईल, पण त्या वेगात आजची पानं उघडत नाहीत.

फेकू नका मात्र. असा डोंगल एसएमएस पाठवायला उत्तम. गॅमू नावाचा प्रोग्राम आहे. पाण्याच्या टाकीचा किंवा पंपाचा संदेश फोनवर यायला टूजी पुरे.

टर्मिनलकर

आणि स्टिक जातीचा किंवा जुना डोंगल तपासताना तीन एटी कमांड पुरतात. मिनीकॉमने (पोर्टवर आज्ञा टंकायचा प्रोग्राम) पोर्ट उघडायच्या आधी मोडेममॅनेजर थांबवा, नाहीतर दोघं एकाच पोर्टवर भांडतात. एटी+सीपीआयएन? ला ‘रेडी’ यायला हवं. एटी+सीएसक्यू चा पहिला आकडा ० ते ३१, त्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात, ९९ म्हणजे माहीत नाही. एटी+सीआरईजी? चा दुसरा आकडा १ असेल तर घरच्या नेटवर्कवर नोंद झाली, ५ म्हणजे रोमिंगवर, २ म्हणजे शोधतोय, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. ३ आला तर लिनक्सशी झटापट थांबवा आणि सिमचं रिचार्ज, केवायसी पाहा. फोरजी मोडेमला सीआरईजीच्या जागी सीईआरईजी विचारा.

खाडीकाठ

पोच द्यायला उशीर झाला, लाइट नव्हती. बाईंचं सिम घातलं, डोंगल केबलने खिडकीत नेला. १९२.१६८.८.१ वर कंपनीचं नाव आलं, जोडलं असं दिसतंय, आकडे वरखाली होताहेत. आरएसआरपी उणे ९८.

पण ब्राउझरमध्ये अजूनही एकही वेबसाइट उघडत नाही!

मृण्मयी_एस

जवळ आलात. आता शेवटची पायरी. तीन गोष्टी करून इथे द्या: पिंग ८.८.८.८, मग पिंग डेबियन.ऑर्ग, आणि आयपी रूट.

पहिलं चाललं आणि दुसरं नाही तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय, अडलीय. दोन्ही नाहीत तर बाहेर जायची वाट चुकलीय. तुम्ही ‘वायर्ड कनेक्शन २’ लिहिलं होतंत, म्हणजे १ सुद्धा आहे. त्याला काही जोडलंय का?

खाडीकाठ

दोन्ही पिंग नाहीत. आयपी रूटमध्ये ‘डिफॉल्ट’च्या दोन ओळी आहेत. एक १९२.१६८.१.१ वरून, मेट्रिक १००. दुसरी १९२.१६८.८.१ वरून, मेट्रिक १०१.

हो, जुन्या ब्रॉडबँडचा राउटर अजून चालू आहे. प्रिंटर त्याच्यावर आहे.

मृण्मयी_एस

हेच. ज्याचं मेट्रिक कमी ती वाट आधी. संगणकाच्या मते बाहेर जायचा रस्ता अजून जुना राउटर आहे, आणि तिकडे पुढे लाइनच नाही. हायलिंक इथरनेटसारखा दिसतो म्हणून नेटवर्कमॅनेजर त्याला दुसरं वायर्ड कार्ड समजून १०१ देतो. स्टिक जातीचा असता तर ७०० मिळालं असतं, तरीही मागेच पडला असता.

राउटर बंद करू नका, प्रिंटर जाईल. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘वायर्ड कनेक्शन १’ उघडा, आयपीव्ही४ च्या पानावर ‘हे कनेक्शन फक्त त्याच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी वापरा’ अशा अर्थाची चौकट आहे, तिथे खूण करा. आयपीव्ही६ च्या पानावरही तेच. मग ते कनेक्शन एकदा बंद-चालू करा. आज्ञेने करायचं तर एनएमसीएलआयमध्ये आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट ला ‘येस’.

आणखी एक, पुढे कधी दुसरा असाच डोंगल घेतलात तर लक्षात असू द्या: हायलिंकवाल्या ई३३७२ मध्ये एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) सरसकट सापडतो, ०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४. तुमच्या कार्डाचं नावही त्यावरूनच पडलंय, ईएनएक्स० ने सुरू होणारं. एकाच मशीनला दोन लावले तर नावांचा घोळ होतो.

खाडीकाठ

चाललं!!! पिंगही आणि पानंही. प्रिंटरही जागेवर आहे. पहिला सातबारा वाचनालयातल्या प्रिंटरवर आत्ताच काढला, शेजारच्या वाडीतल्या आजोबांचा. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका. कोणीतरी सुचवलं की फर्मवेअर (डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून डोंगल स्टिक जातीचा करून घ्या, वेग वाढतो. करावं का?

टर्मिनलकर

अभिनंदन! फर्मवेअरच्या वाटेला जाऊ नका. वाचनालयाला त्यातून काही मिळणार नाही. वेग टॉवर आणि रेंजवर ठरतो. फर्मवेअर घालताना वीज गेली तर डोंगल कायमचा जाऊ शकतो आणि तुमच्याकडे वीज जाते असं तुम्हीच लिहिलंय. स्टिक जातीचा फायदा त्याला, ज्याला एटी कमांड द्यायच्यात किंवा डोंगलच्या आतल्या राउटरचा मधला टप्पा नकोय.

निफाडकर

पोच: कन्व्हर्टर पेटीत आणला, जाड वायर टाकली. गेट_थ्रॉटल्ड आता ०एक्स० दाखवतंय आणि डोंगल जागचा हललेला नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे डेटा आधी कार्डावर लिहितोय. टर्मिनलकर, मृण्मयीताई, दोघांनाही बागेचं आमंत्रण.

खाडीकाठ

शेवटचा प्रश्न. सिमला रोजचा डेटा ठरलेला आहे. सकाळी मशीन चालू केलं की अपडेट स्वतःहून उतरायला लागतात आणि दुपारी मुलांना वेग उरत नाही. ते कसं थांबवायचं?

टर्मिनलकर

‘वायर्ड कनेक्शन २’ च्या सेटिंगमध्ये ते मीटर्ड असल्याची खूण करा, आज्ञेने कनेक्शन.मीटर्ड ला ‘येस’. नेटवर्कमॅनेजरला वाटतंय की हे इथरनेट आहे, म्हणजे डेटाला मर्यादा नाही. त्याला सांगितलं की डेस्कटॉपचा सॉफ्टवेअर प्रोग्राम स्वतःहून डाउनलोड करत नाही. मात्र अपडेट कायमचे बंद ठेवू नका, सार्वजनिक मशीन आहे, लोक त्यावर आधारचे तपशील भरतात. आठवड्यातून एकदा वाचनालय बंद करताना बाईंना सुडो एपीटी अपडेट आणि मग सुडो एपीटी अपग्रेड चालवायला सांगा, दिवसाचा उरलेला डेटा त्यात वापरला जाईल.